गुण आला म्हणजे काय ?

औषध लागू पडलें म्हणजे ‘गुण आला’ असें आपण म्हणतों, आणि परीक्षेंत जे मिळतात त्यांनाही ‘गुण’च म्हणतों. व्यवहारांत हे दोन अर्थ एकमेकांपासून दूर असतात. परंतु मुलांच्या मनाचे विकार आणि त्यांवरील उपचार हा विषय निघाला कीं ते अगदीं जवळ येतात. तापाचा गुण उष्णतामापकावर दिसतो, मोडलेल्या हाडाचा क्ष-किरणांच्या छायाचित्रांत दिसतो. पण जें मूल रात्रीं दचकून उठतें, शाळेचें नांव काढतांच ज्याच्या पोटांत दुखूं लागतें, किंवा जें घरीं-दारीं सर्वांशीं भांडतें, त्याला उपचारानंतर गुण आला कीं नाहीं हें कोणीं, केव्हां आणि कशावरून ठरवावयाचें? कोणीतरी त्याला गुण देतो आणि त्या गुणांवरून गुण आल्याचा निर्णय होतो, हीच येथील वस्तुस्थिति आहे. गुण देण्याच्या ज्या रीति गेल्या सुमारें नव्वद वर्षांत पुढें आल्या, त्यांपैकीं कांहीं प्रमुख रीतींचें परीक्षण करावें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हा तज्ज्ञांचा विषय आहे असें म्हणून आपणांस तो सोडून देतां येणार नाहीं. मुंबईंत टाटांच्या समाजकार्य-विद्यालयानें बालमार्गदर्शनाचा दवाखाना १९३७ सालीं सुरू केला, तेव्हां अशा ठिकाणीं मुलाला नेणें ही मध्यमवर्गीय घरांत लपवून ठेवण्याची गोष्ट होती. आज ती स्थिति राहिलेली नाहीं. अनेक शाळांतून समुपदेशक आहेत. आणि २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणांत १३ ते १७ वर्षांच्या मुलामुलींत मानसिक विकारांचें प्रमाण शेंकडा ७·३ आढळलें. आईबाप पैसा खर्च करतात, कामावरची रजा घेतात, आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे मुलाचें वाढीचें एखादें वर्ष त्या उपचाराच्या स्वाधीन करतात. त्या मोबदल्यांत मुलाच्या पदरांत काय पडलें हें विचारण्याचा त्यांना अधिकार आहे. मात्र तो प्रश्न कसा विचारावा हें आपणांपैकीं फार थोड्यांना ठाऊक असतें.

आजी मुलावरून मीठमोहऱ्या ओवाळून चुलींत टाकते, मूल रडावयाचें थांबून झोपीं जातें, आणि दृष्ट उतरली असें घरांत सर्वांचें मत होतें. सुशिक्षित मनुष्य याला हंसतो. यालाच आपले शास्त्रकार काकतालीय न्याय म्हणतात : कावळा बसला आणि ताडाचें फळ पडलें, एवढ्यावरून कावळ्यानें तें पाडलें असें ठरत नाहीं. पण तोच सुशिक्षित मनुष्य आपल्या मुलाला सहा महिने समुपदेशकाकडे नेतो, मूल सुधारतें, आणि सुधारणेचें सर्व श्रेय तो नि:शंकपणें उपचाराला देऊन मोकळा होतो. दोन्ही अनुमानें एकाच जातीचीं आहेत. मुलांच्या बाबतींत अशा अनुमानाचा धोका मोठ्या माणसांपेक्षां अधिक असतो, कारण मूल स्वस्थ बसलेलें नसतें, तें वाढत असतें. सातव्या वर्षींची भीति नवव्या वर्षीं पुष्कळदां आपोआपच गळून पडते. शिवाय आईबाप मुलाला दवाखान्यांत नेतात तें त्याचा त्रास शिगेला पोंचल्यावर. आणि शिगेला पोंचलेली गोष्ट पुढें थोडीबहुत खालीं यावयाचीच.

ही शंका केवळ तार्किक नाहीं. यूजीन लेविट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५७ सालीं तोंवर प्रसिद्ध झालेले मुलांच्या मानसोपचाराचे अहवाल एकत्र करून पाहिले. उपचार घेतलेल्या मुलांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश मुलें उपचार संपतांना, आणि सुमारें तीन-चतुर्थांश मुलें पुढील चौकशीच्या वेळीं, सुधारलेलीं आढळलीं. हे आंकडे नुसते पाहिले तर कोणत्याही दवाखान्यानें अभिमान बाळगावा असे आहेत. परंतु ज्यांना उपचारासाठीं घ्यावयाचें ठरलें होतें पण जीं पुढें आलींच नाहींत, अशा मुलांतही सुधारलेल्यांचें प्रमाण शेंकडा ७२ च्या वर होतें! लेविटच्या लेखानें त्या काळीं मोठी खळबळ उडाली. तथापि तो लेख निर्णायक मानतां येत नाहीं. न आलेलीं मुलें मुळांतच कमी त्रासलेलीं असतील, त्यांचे आईबाप अधिक समर्थ असतील, किंवा त्यांनीं दुसरीकडे मदत शोधली असेल. दोन गट आरंभींच विषम असतील तर शेवटच्या साम्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. म्हणजे तुलना हवी एवढेंच पुरेसें नाहीं. तुलना समानांची हवी, आणि कोणीं कोणत्या गटांत जावें हें कोणाच्याही इच्छेवर सोंपवलेलें नसावें.

अशी तुलना लेविटच्या कितीतरी आधीं एका मनुष्यानें योजिली होती, आणि ती स्वतःच्याच आवडत्या कल्पनेवर चालवून पाहिली होती. रिचर्ड क्लार्क कॅबट हे बोस्टनचे नामांकित वैद्य व हार्वर्ड विद्यापीठांतील प्राध्यापक. १९३१ सालीं अमेरिकेंतील समाजकार्य परिषदेच्या अध्यक्षपदावरून बोलतांना त्यांनीं समाजसेवकांना आपल्या कामाचें यशापयश तपासण्याच्या कसोट्या तयार करण्याचा आग्रह केला. लोकांना उपदेश करून ते थांबले नाहींत. बिघडण्याचा संभव असलेल्या मुलाला एखाद्या शहाण्या व प्रेमळ मोठ्या माणसाचा दीर्घ सहवास लाभला तर तो मार्गावर राहील, असा त्यांचा विश्वास होता. या विश्वासाची परीक्षा करण्यासाठीं १९३५ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील केंब्रिज व सॉमरव्हिल या दोन शेजारच्या शहरांत त्यांनीं एक मोठा प्रयोग आंखला. ‘अवघड’ समजले जाणारे मुलगे त्यांत होते, तसेच साधारण मुलगेही होते. वय, बुद्धि, स्वभाव, घरची स्थिति या बाबतींत शक्य तितके सारखे असे दोन-दोन मुलगे घेऊन ६५० मुलांच्या ३२५ जोड्या लावल्या, आणि जोडींतील कोणाला मदत द्यावयाची हें नाणें उडवून ठरविलें.

मदतीचें स्वरूप कोणालाही हेवा वाटावा असें होतें. समुपदेशक महिन्यांतून सरासरी दोनदां मुलाच्या घरीं जात, आणि हा क्रम सरासरी पांच वर्षें चालला. निम्म्याहून अधिक मुलांना अभ्यासांत मदत मिळाली. शंभरांहून अधिक मुलांना वैद्यकीय अथवा मानसोपचाराची मदत मिळाली. चौथा हिस्सा मुलांना उन्हाळी शिबिरांस पाठविलें. दुसऱ्या गटांतील मुलांकडून केवळ माहिती घेतली. १९३९ सालीं काम सुरू झालें, त्याच वर्षीं कॅबट वारले, आणि १९४५ सालीं काम संपलें. दवाखान्यांतील नेमक्या उपचारापेक्षां ही मदत व्यापक होती हें खरें. पण परिणाम मोजण्याच्या दृष्टीनें इतका बोधप्रद दाखला आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं.

या प्रयोगाचा वृत्तांत एडविन पॉवर्स व हेलन विटमर यांनीं १९५१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. ग्रंथ एक असला तरी त्यांत दोन वृत्तींचे दोन लेखक आहेत. पॉवर्स यांनीं न्यायालयाच्या व पोलिसांच्या नोंदी घेऊन दोन्ही गट समोरासमोर ठेविले. मदत मिळालेल्या गटांत अपराध कमी झाल्याचें दिसलें नाहीं. विटमर यांनीं एकेका मुलाची कागदपत्रें वाचून मदत कोठें लागू पडली व कोठें वायां गेली याचा शोध घेतला, आणि खरा लाभ झालेलीं मुलें त्यांना थोडींच आढळलीं. वाचक म्हणून पाहिलें तर विटमर यांचा भाग अधिक मनोवेधक असणार हें उघड आहे, कारण तेथें माणसें भेटतात. परंतु एकेकट्या मुलाची हकीकत कितीही बारकाईनें वाचली, तरी मदत नसती तर त्याचें काय झालें असतें हें त्या हकीकतींत लिहिलेलें नसतें. तें केवळ त्याच्या जोडीदाराकडे पाहून कळतें, आणि तो जोडीदार पॉवर्स यांच्या कोष्टकांत आहे. उलट, कोष्टकाला तुलना ठाऊक असते, कारण ठाऊक नसतें. दोन्ही वृत्तींना एका ग्रंथांत स्थान देऊन या लेखकांनीं जो विवेक दाखविला, तो पुढील पुष्कळ अहवालांत आढळत नाहीं.

खरा धक्का याच्यापुढें आहे. जोन मॅकॉर्ड या विदुषीनें प्रयोगांत शेवटपर्यंत राहिलेल्या ५०६ मुलांचा, म्हणजे २५३ जोड्यांचा, तीस वर्षांनंतर शोध घेतला आणि १९७८ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. हीं मुलें आतां मध्यमवयीन गृहस्थ झालीं होतीं. मदत मिळालेल्यांपैकीं ज्यांनीं आपलें मत कळविलें त्यांतील दोन-तृतीयांश लोकांनीं त्या उपक्रमाचा आपणांस उपयोग झाला असें सांगितलें. कित्येकांना आपल्या समुपदेशकाची आठवण प्रेमानें येत होती. आणि तरीही जेथें जेथें दोन गटांत फरक आढळला, तेथें तेथें तो मदत मिळालेल्यांच्या विरुद्ध होता. एकदां गुन्हा केल्यावर पुन्हां गुन्हा करणें, मद्यासक्तीचीं लक्षणें, गंभीर मानसिक विकार, मनावरील ताणाशीं संबंध असलेले शारीरिक रोग, अकालीं मृत्यु, हलक्या प्रतिष्ठेचा व्यवसाय, कामांत असमाधान, यांचें प्रमाण त्यांच्यांतच अधिक निघालें. पांच वर्षांच्या मायेनें लाभ झाला नाहीं एवढेंच नव्हे, तर कांहीं अंशीं अपाय झाला, असा या आंकड्यांचा अर्थ होता.

असें कां झालें असावें याविषयीं मॅकॉर्ड यांनीं कांहीं तर्क मांडले. समुपदेशकांचे मध्यमवर्गीय संस्कार व मुलांच्या घरचे संस्कार यांत विरोध आला असेल. मुलांना आधाराची संवय लागली आणि आधार गेल्यावर तीं उघडीं पडलीं असतील. मनांत मोठ्या आशा उत्पन्न होऊन पुढें निराशा झाली असेल. किंवा ‘ज्या अर्थीं मला मदत मिळते त्या अर्थीं मी दुबळा आहे’ असें मुलांनीं मनाशीं घेतलें असेल. १९९९ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट दाखविली : ज्या मुलांना उन्हाळी शिबिरांस एकाहून अधिक वेळां पाठविलें होतें त्यांच्यांत हा अपाय विशेष दिसतो. थोडीशीं बिघडलेलीं मुलें एकत्र आलीं म्हणजे एकमेकांच्या बढाईला शाबासकी देतात आणि बिघाड वाढतो, असें त्यांचें अनुमान आहे. आम्हांस हा तर्क सर्वांत पटण्यासारखा वाटतो, पण तो तर्कच आहे हें विसरतां कामा नये. शिबिरास कोणाला पाठवावयाचें हें कांहीं नाणें उडवून ठरलेलें नव्हतें.

आतां या प्रयोगाचे दोष. समुपदेशक मध्येंच बदलत गेले, युद्धामुळें कित्येक निघून गेले, आणि काय करावयाचें याची नेमकी दिशा त्यांना नव्हती. म्हणून ‘सहवासानें अपाय होतो’ असा सिद्धांत यावरून काढणें अन्यायाचें होईल. फार तर ‘अशा प्रकारच्या सहवासानें लाभ झाला नाहीं’ एवढें म्हणतां येतें. दुसरा दोष आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. येथें जें मोजलें तें सर्व नोंदवह्यांत सांपडणारें आहे : गुन्हा, रोग, मृत्यु, व्यवसाय. मुलाला त्या वेळीं स्वतःला काय सलत होतें, याचा हिशेब त्यांत कोठेंच नाहीं. समाजाला मुलापासून उपद्रव होऊं नये हा एक हेतु, आणि मुलाचें दुःख कमी व्हावें हा दुसरा. या प्रयोगानें मुख्यतः पहिल्याचें मोजमाप केलें.

पण मग त्या दोन-तृतीयांश लोकांच्या साक्षीचें काय? ते खोटें बोलले काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. एका मनुष्यानें आपल्यासाठीं वेळ दिला, आपली विचारपूस केली, याची ती कृतज्ञ पोंच आहे, आणि तेवढ्यापुरती ती अक्षरशः खरी आहे. चूक होते ती आपण तिला उपचाराच्या गुणाचा पुरावा समजतों तेव्हां. आजही पुष्कळ संस्थांच्या अहवालांत ‘आमच्याकडे येणाऱ्यांपैकीं इतके टक्के समाधानी आहेत’ असें वाक्य ठळकपणें छापलेलें असतें. तें वाचतांना केंब्रिज-सॉमरव्हिलचे हे गृहस्थ डोळ्यांपुढें आणावे.

येथून प्रश्न साक्षीदारांकडे वळतो. मुलाची स्थिति सांगणारे लोक अनेक : आई, वडील, शिक्षक, वैद्य, आणि स्वतः मूल. थॉमस आखेनबाख व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८७ सालीं ११९ अभ्यास एकत्र करून या साक्षी परस्परांशीं कितपत जुळतात हें पाहिलें. पूर्ण मेळाला १ आणि मुळींच मेळ नसल्यास शून्य असें माप धरलें, तर आई व वडील यांसारख्या एकाच नात्याच्या दोघांत तो सरासरी ०·६०, आईबाप व शिक्षक यांसारख्या वेगळ्या नात्यांच्या माणसांत ०·२८, आणि मूल व इतर यांच्यांत अवघा ०·२२ निघाला. कोणी खोटें बोलतो असा याचा अर्थ नव्हे. मूल घरीं एक असतें आणि शाळेंत दुसरें असतें. शिवाय भांडण बाहेरून दिसतें, भीति दिसत नाहीं. ‘आतां अगदीं शहाण्यासारखा वागतो’ असें शिक्षकांनीं म्हणावें आणि मुलाच्या मनांतील धास्ती तशीच असावी, हें सहज संभवतें. एकाच साक्षीवर जो गुण ठरतो तो त्या साक्षीदाराचा गुण असतो.

साक्षींना कांहीं शिस्त यावी म्हणून प्रश्नावल्या निघाल्या. रॉबर्ट गुडमन या इंग्रज वैद्यानें १९९७ सालीं प्रसिद्ध केलेली पंचवीस विधानांची प्रश्नावली आज जगभर वापरली जाते. प्रत्येक विधान लागू नाहीं, थोडेंफार लागू आहे, कीं निश्चित लागू आहे, एवढेंच उत्तर द्यावयाचें असतें, आणि त्रासाच्या वीस विधानांची बेरीज शून्य ते चाळीसपर्यंत येते. ही स्वस्त, सुटसुटीत आणि अनेक भाषांत उपलब्ध आहे. मुलें चाळून कोणाला मदत लागेल हें ओळखण्यास ती फार उपयोगी आहे. परंतु बेरजेचा स्वभाव असा कीं तींत सर्व विधानें सारख्याच मोलाचीं होतात. ज्या मुलाला एकच गोष्ट खाते आहे, त्याची ती एक गोष्ट दूर झाली तरी बेरजेंत दोनच गुणांचा फरक पडावयाचा.

या उणिवेचा प्रत्यक्ष दाखला आपल्याच देशांत सांपडतो. गोव्यांत १९९६ सालीं स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेच्या संशोधकांनीं दिल्लींतील सहा सरकारी शाळांत एक प्रयोग केला व २०२० सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. २५१ विद्यार्थ्यांचे यदृच्छेनें दोन गट केले. एका गटाला अडचणी क्रमाक्रमानें कशा सोडवाव्या हें सांगणाऱ्या पुस्तिका व त्यांच्या जोडीला समुपदेशकाच्या भेटी मिळाल्या. दुसऱ्याला केवळ पुस्तिका मिळाल्या. हे समुपदेशक पदवीधर मनोवैद्य नव्हते, या कामापुरतें शिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते होते. परिणाम दोन मापांनीं मोजला. एक गुडमनची प्रश्नावली, आणि दुसरें माप असें कीं विद्यार्थ्यानें स्वतःला जाचणाऱ्या मुख्य अडचणी स्वतःच्या शब्दांत सांगावयाच्या आणि त्यांची तीव्रता किती हें वेळोवेळीं गुणांनीं दाखवावयाचें. सहा आठवड्यांनीं पाहतां, स्वतः सांगितलेल्या अडचणींच्या बाबतींत समुपदेशन मिळालेला गट निश्चितपणें पुढें होता. प्रश्नावलीच्या बेरजेंत मात्र विश्वसनीय असा फरक दिसला नाहीं.

मग या मुलांना गुण आला कीं नाहीं? कोणत्या मापाला प्रमाण मानावें यावर उत्तर अवलंबून आहे, आणि दोन्ही मापें त्यांनीं आरंभींच जाहीर करून दोन्ही निकाल छापले, ही या संशोधकांची सचोटी आम्हांस विशेष अभिनंदनीय वाटते. आमच्या मतें मुलाच्या स्वतःच्या तक्रारीला येथें पहिला मान दिला पाहिजे, कारण उपचार त्या तक्रारीसाठींच होता. पण आम्हीं वर कृतज्ञतेविषयीं जें म्हटलें तें येथेंही विसरून चालणार नाहीं. जिव्हाळ्यानें बोलणाऱ्या माणसाचा सहवास मिळालेला विद्यार्थी आपली अडचण कमी झाली असें थोडें सौजन्यानेंही सांगेल. म्हणून मुलाची साक्ष आवश्यक असली तरी ती एकटीच पुरेशी नाहीं, आणि सहा आठवड्यांचा काळ हा शेवटचा निकाल नव्हे.

मुलाचें मन ही मोजण्याची वस्तु नाहीं, माप लावलें कीं जिव्हाळा नाहींसा होतो, असा एक आक्षेप सहृदय लोक घेतात. मापांचा दुरुपयोग होतो हें आम्हांस मान्य आहे. आंकडे चांगले दिसावे म्हणून सोपीं मुलें घ्यावीं, आणि जीं मध्येंच येईनाशीं होतात तीं हिशेबांतून गाळावीं, हा मोह संस्थांना होऊं शकतो. परंतु कॅबट यांच्या समुपदेशकांत जिव्हाळ्याची वाण नव्हती. वाण होती ती वेळेवर इशारा देणाऱ्या मापाची. आणि तो इशारा मिळाला नाहीं म्हणून त्याच मुलांना पुन्हां पुन्हां शिबिरास पाठविण्यांत आलें. न मोजण्याची किंमत उपचार करणाऱ्याला द्यावी लागत नाहीं, ती मुलाला द्यावी लागते. शिवाय मापानें नेहमीं निराशाच पदरीं पडते असेंही नाहीं. जॉन वाइझ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१७ सालीं पन्नास वर्षांतील ४४७ प्रयोगांचा, म्हणजे तीस हजारांहून अधिक मुलांचा, आढावा घेतला. त्यावरून, उपचार घेतलेलें कोणतेंही एक मूल उपचार न घेतलेल्या कोणत्याही एका मुलापेक्षां बऱ्या स्थितींत असण्याचा संभव शेंकडा ६३ निघतो. उपचार निरुपयोगी असते तर हा आंकडा ५० निघाला असता. हा कांहीं चमत्कार नव्हे. पण विश्वासानें मुलाचा हात धरून दवाखान्याची पायरी चढण्यास एवढा आधार पुरेसा आहे.

तात्पर्य, ज्या आईबापांवर हा प्रसंग येईल त्यांनीं चार गोष्टींचा आग्रह धरावा. उपचाराच्या आरंभींच मुलाला त्याच्या शब्दांत विचारून त्याची तक्रार लिहून ठेवावी. घर, शाळा आणि मूल या तिघांचीही साक्ष ठराविक काळानें घ्यावी, आणि त्या जुळल्या नाहींत तर त्या न जुळण्याचाच विचार करावा. योजलेला उपचार समानांच्या तुलनेंत कोठें उतरला आहे काय, हें निःसंकोच विचारावें. आणि उपचार संपल्यावर सहा महिन्यांनीं, वर्षानें, पुन्हां एकदां मुलाची चौकशी करण्याचें वचन घ्यावें. हे प्रश्न विचारल्यानें चांगल्या वैद्याचा अपमान होत नाहीं. कॅबट यांनीं ते कोणी न विचारतां स्वतःलाच विचारले होते, आणि उत्तर आपल्या विरुद्ध जाऊं शकेल अशी व्यवस्थाही स्वतःच करून ठेविली होती. त्यांची कल्पना फसली, पण त्यांनीं ठेविलेल्या हिशेबामुळें पुढील पिढ्यांचीं कित्येक मुलें तशाच सदिच्छेच्या अपायापासून वांचूं शकतात. आपल्याकडील संस्थांनीं निदान एवढा हिशेब ठेवावा, आणि तो प्रतिकूल निघाला तरी प्रसिद्ध करावा, एवढीच आमची त्यांना विनंति आहे.